शिफ्टवरून माणूस आला की पानं

अमेरिकेला निघालो तेव्हा बाबा फर्स्ट शिफ्ट करून थेट टॅक्सीपाशी आले, कारखान्याचा निळा शर्ट अंगात तसाच. आईने तळहातावर दही-साखर ठेवली. ती चाटण्याआधीच मी शेजाऱ्यांना नमस्कार करायला हात जोडले आणि दही कोपरापर्यंत ओघळलं. देवासची अख्खी कॉलनी हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "शिफ्ट संपली की सीधा घरी यायचं. बस, इतकंच."

आमच्या घरात दिवस बाबांच्या शिफ्टवर उगवायचा आणि मावळायचा. आई धारची, जुन्या वळणाची. शिफ्टवर गेलेला माणूस परत आल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, हा तिचा नियम. आम्हा मुलांना गूळ-पोळीची गुंडाळी मिळे. ती स्वतः थांबे.

आता मी इथे फळमाश्यांच्या शरीरातल्या घड्याळावर संशोधन करतो. म्हणजे काय, तर दिवे अवेळी लावायचे, खाणं अवेळी द्यायचं आणि बिचाऱ्या कशा बिघडतात ते बघायचं. याचा पगार मिळतो. 'सूर्य मावळल्यावर पोटालाही झोप येते' असं भाषणांत ठणकावून सांगतो. स्वतः मात्र परवापर्यंत लॅब गाठण्यापुरता कसाबसा उठायचो. त्यामुळे घरी फोन व्हायचा दुपारी, लंचमध्ये. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा-साडेदहा.

बाबा रिटायर झाले आणि आईची शुगर वाढत गेली. गोळ्या बदलल्या, तरी उतरेना. सँडविच चावत चावत मी व्हिडिओवर विचारायचो, "जेवलात?" "केव्हाच," आई म्हणायची. मग मी तोंडातला घास न गिळता तिला वेळेवर जेवण्याचं महत्त्व समजावायचो. ती मान हलवायची. माझ्या माश्यासुद्धा इतक्या शहाण्यासारख्या ऐकत नाहीत.

शेवटी घाबरून देवासला गेलो. दोन-चार दिवसांत शेजारच्या भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "भिया, तुम क्या आए, इनका कुकर टाइम पे बजने लगा! नहीं तो हम सो जाते हैं, तब सीटी आती है. तुम्हारा फोन हो जाए, फिर खाना."

मी आईकडे पाहिलं.

"उपाशी नाही रे राहत," ती म्हणाली. "मूठभर शेव खातो की मध्ये."

"रूल तिचा आहे," बाबा पेपरामागून म्हणाले. "मी काय बोलणार?"

शुगरच्या बाईला शेवेवर ठेवून मी तिला जेवणाच्या वेळा शिकवत होतो. माश्यांवर प्रयोग करायला आम्हाला कारण तरी लिहून द्यावं लागतं. इथे कारण एकच होतं: साहेबांना सकाळी उठवत नव्हतं.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांनी 'जेवलात का' विचारू नये. ताट दाखवा म्हणावं. आणि जे मागे राहिलेत, त्यांनी आमचं ज्ञान फार मनावर घेऊ नये.

आता मी सकाळी फोन करतो, त्यांच्या दिवेलागणीला. आईची शुगर जरा उतरली आहे. फोन लागला की ती आत हाक मारते, "अहो, चला. आला शिफ्टवरून." आणि पानं घेते. मी नुकताच उठलेला असतो, दातही घासलेले नसतात, शिफ्ट अजून सुरूच व्हायची असते. समोर ताटात वरणाची वाफ दिसते. मी घरी आलेलो नाही, हे तिघांनाही माहीत असतं. तरी ती दोघं जेवेपर्यंत मी हलत नाही.