टेबल फॅन

मे महिन्याच्या अखेरीस, एका सोमवारी सकाळी, भाईंदर पूर्वेला खाडीच्या कडेची एक चार मजली इमारत रिकामी करण्यात आली. पाणी आदल्या दिवशी तोडलं होतं, वीज त्या दिवशी तोडली. सगळी बिऱ्हाडं खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मात्र अजून कोणी राहायलाच आलं नव्हतं. त्या घराच्या मालकिणीला मी काही वर्षं ओळखत होतो.

ओळख भाजीच्या गाडीवरची. अशी गाडी तुमच्याही नाक्यावर असेल. आपण आधी भाजी चिवडतो, घासाघीस करतो, पिशवी भरली की पाकीट शोधतो. ही आधी नोट पुढे करायची.

"पहले पैसे लो, फिर तोलो."

"भाभी, भागी थोडी जा रही हो?"

"भाभी नहीं हूँ अभी. घर होने दो, फिर बोलना."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की भाजीवाल्याने 'भाभी' म्हटलं की रांगेतलं कोणीतरी हसायचंच.

ती जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात पॅकिंग बघायची. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नांचे हार डब्यांत भरायचे. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो एसी मेकॅनिक, मूळ खेडचा. दोघांनी ठरवलं होतं: आधी घर, मग लग्न, आणि दोन्हींसाठी एक रुपया उधार नाही. त्यात नऊ वर्षं गेली.

कारण तिने मला एकदाच सांगितलं. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी व्याजाने पैसे उचलले होते. वसुलीचा माणूस दर महिन्याला यायचा. घरात खुर्ची एकच. तो तिच्यात बसायचा आणि वडील समोर उभे राहायचे. "कर्ज फिटलं, काका. पण त्या खुर्चीत नंतर आमच्यापैकी कोणीच बसलं नाही."

नातेवाईक टोचायचे. "सगळं जग लोन काढतं," तिची मावशी म्हणायची. "ही म्हातारी होईल, पण दारावर 'कर्ज नाही' अशी पाटी लावल्याशिवाय बोहल्यावर चढायची नाही."

"मावशी, पाटी लावायला आधी दार तर हवं ना?"

दार मिळालं. जुनी इमारत, वन रूम किचन, भाव बाजारापेक्षा कमी. एजंटने पहिला प्रश्न विचारला तो लोनचा. लोन नाही म्हटल्यावर त्याने चहा मागवला. "बहुत बढ़िया. बँक का झंझट ही नहीं." त्या चहाचं तिला कौतुक वाटलं होतं. मलाही तिने ते कौतुकाने सांगितलं. त्याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती आणि दोघांच्याही बँकांनी इमारत तपासून कर्ज नाकारलं होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. एजंटला ते माहीत होतं. विकणाऱ्याला माहीत होतं. ना-हरकत पत्रावर सही करणाऱ्या सेक्रेटरीलाही माहीत होतं.

पूर्ण रक्कम भरून तिने घर नावावर केलं. विकणाऱ्याचा थकलेला मेंटेनन्स त्यातूनच चुकता झाला. ट्रान्सफर फीच्या पैशातून सोसायटीने इमारतीला बाहेरून रंग काढला. पिस्ता रंग.

त्याच आठवड्यात तिने प्रत्येक मजल्यावर जाऊन पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले. संध्याकाळी नाक्यावर भेटली तेव्हा ती हसत होती.

"काका, गंमत सांगू? बिल्डिंगमध्ये एकाच्याही घरी छताला पंखा नाहीये. सगळ्यांकडे टेबल फॅन. काल-परवा सेल लागला होता की काय!"

तिने दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तसं विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, वरचा पंखा घरघर करतो. झोप मोडते."

लग्न वैशाखात ठरलं होतं. रजिस्टर करायचं आणि घरच्यांना जेवण नव्या घरातच. एप्रिलमध्ये तो ड्रिल मशीन घेऊन आला. हॉलमध्ये पंख्याचा जुना हूक कापून टाकलेला होता, नवा बसवायचा होता. त्याने छताला ड्रिल टेकवलं आणि ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. हातभर पापुद्रा खाली आला. मागून सळई दिसली. ती बोटाने चोळली तर गंजाचा चुरा झाला.

आवाज ऐकून सेक्रेटरी धावत वर आले. "अरे, स्लॅबला ड्रिल नाही मारायचं! कोणाला विचारून मारलं?"

"का? काय झालंय स्लॅबला?"

सेक्रेटरींनी पडलेला पापुद्रा पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "इथे सगळे टेबल फॅनच वापरतात."

ती दारात उभी होती. "कधीपासून?"

"बिल्डिंगच्या मजबुतीचं ऑडिट झालं तेव्हापासून. दोन वर्षं होतील."

"म्हणजे तुम्ही सही केलीत त्याच्या आधीपासून."

"हे बघ पोरी, आता तूही आमच्यातलीच. बाहेर बोलू नकोस. सगळ्यांचंच नुकसान होईल."

एजंटने अधिक सोपा मार्ग सुचवला. "टेन्शन मत लो. आपके जैसी ही पार्टी देखता हूँ. बिना लोनवाली."

तिने त्याला विचारलं, "मेरे जैसी, मतलब?" दोन दिवसांनी तिने पापुद्र्याचे तुकडे पिशवीत भरले आणि होणाऱ्या नवऱ्यासोबत पालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन तक्रार दिली. इंजिनिअर येऊन पाहून गेले. नंतर इमारत रिकामी करण्याचा आदेश निघाला.

त्या सोमवारी मी समोरच्या फुटपाथवर होतो. पोलीस होते, टेम्पो होते, गाद्या होत्या. इमारतीतून टेबल फॅन एकामागून एक खाली येत होते. शिव्या मात्र एजंटला पडत नव्हत्या. विकणारा तर तिथे नव्हताच. शिव्या तिला पडत होत्या. "राहायला पण आली नाही आणि आम्हाला रस्त्यावर आणलं," दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडत होत्या. ज्या कमिटीने ऑडिट दडवलं, तिचे सभासद मान डोलावत होते.

मी नंतर त्या बाईंना गाठून विचारलं, तिला सांगितलं का नाही?

"आम्ही कुठे खोटं बोललो? तिने विचारलं नाही."

"पंख्याचं विचारलं होतं."

"पंख्याचं विचारलं, छताचं नाही," असं म्हणून त्या टेम्पोत बसल्या.

तिचं सामान एकच होतं: छताच्या पंख्याचा खोका. कारखान्यातल्या बायकांनी वर्गणी काढून लग्नासाठी दिलेला. तो तिच्या होणाऱ्या नवऱ्याने खांद्यावर घेतला. ती मागून चालत होती. एका बाईने हात नाचवून काहीतरी म्हटलं तेव्हा फक्त एकदा थांबली, आणि त्या बाईच्या टेबल फॅनचं खाली पडलेलं बटण उचलून तिच्या हातात दिलं.

ऑक्टोबरमध्ये इमारत पाडली. विकणाऱ्याविरुद्ध आणि एजंटविरुद्ध तिने केस केली आहे, ती सुरू आहे. सेक्रेटरी काशीगावातल्या एका नव्या सोसायटीत राहायला गेले. तिथेही ते कमिटीवर आहेत. तो आणि ती आपापल्या आईवडिलांकडे राहतात. लग्न झालेलं नाही.

ती आता आमच्या नाक्यावर रोज येत नाही. भाजीवाला सांगतो, दिवाळीच्या आधी एकदा आली होती. तो सवयीने 'भाभी' म्हणाला. तिने त्याला दुरुस्त केलं नाही. अर्धा किलो भेंडी मागितली. आधी तोलायला सांगितलं, काटा थांबेपर्यंत बघत उभी राहिली, आणि मग पैसे दिले.