उद्या या, भाऊसाहेब

भोरच्या उपेंद्र भाऊसाहेबांनी निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी चांगला माणूस व्हायचं ठरवलं, आणि त्याचा पहिला फटका कुंदाताईंना बसला.

तोवर ते वाईट होते असं मुळीच नाही. बत्तीस वर्षं एका कचेरीत नकलांच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला वाईट व्हायला सवड तरी कुठून मिळणार? कचेरी कोणती ते विचारू नये. ती आता त्या जागी नाही, आणि असती तरी तिने काही कबूल केलं नसतं. जुन्या नोंदीची नक्कल हवी असली की खोऱ्याखोऱ्यातला माणूस त्या खिडकीशी येऊन उभा राहायचा, आणि खिडकीतून दिसणारं अर्धं अंग त्याच्याकडे न बघता म्हणायचं, "उद्या या." बाकी भाऊसाहेबांनी आयुष्यात कुणाचा एक पैसा घेतला नाही. याचा त्यांना फार अभिमान होता.

पुण्याच्या लेकीने, भार्गवीने, त्यांना दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. सजगपणे आणि सचोटीने कसं जगावं, ते तिथे शिकवत. भाऊसाहेब परतले ते प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतच. जेवण सव्वा तास चालू लागलं. कुंदाताईंची संध्याकाळची मालिका वाढण्यात आणि झाकण्यात संपून जाई. डास मारायचे नाहीत, वाटीखाली धरून अंगणात सोडायचे, असा नियम झाला. अंगणातून ते डास शेजाऱ्यांकडे जात, पण तो शेजाऱ्यांच्या सचोटीचा प्रश्न होता. खोटंही बोलायचं नव्हतं. त्यामुळे शेजारणीने हौसेने नवे पडदे दाखवले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "वाईट आहेत. पण माझ्या मनात तुमच्याविषयी कटुता नाही." तिने मात्र कटुता कुठवर नेता येते ते पुढचे दोन महिने दाखवलं.

भार्गवीने त्यांच्या मोबाईलमध्ये एक घंटा बसवून दिली होती. दर तासाला ती टण्ण वाजे आणि एक मंजुळ आवाज विचारी, "आपण आत्ता इथे आहात का?"

"इथेच आहेत," कुंदाताई स्वयंपाकघरातून म्हणत. "चार वर्षं झाली."

हे सगळं चाललं असतं. पण शिबिराच्या शेवटच्या दिवशी डोळे मिटून, आपण दुखावलेलं एक माणूस आठवायला सांगितलं होतं. इतरांचं काम दहा मिनिटांत उरकलं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले तर समोर रांग. छत्र्या, कापडी पिशव्या, धोतरं, घामेजलेल्या टोप्या; सगळे नेहमीसारखे गुपचूप उभे. आणि सगळ्यांत पुढे मार्गासनीचा गेनू.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गेनूला विहिरीच्या मंजुरीसाठी एका जुन्या नोंदीची नक्कल हवी होती. आषाढात तो दोन एसट्या बदलून भोरला आला, आणि नऊ वेळा 'उद्या या' ऐकून परत गेला. दहाव्या खेपेला, श्रावणात, नक्कल मिळाली. तेव्हा त्याने हात जोडले आणि खिडकीच्या फळीवर एक पिशवी ठेवली. "आपल्या वावरातल्या काकड्या हायती, भाऊसाहेब. कोवळ्या हायती." कुंदाताईंनी त्यांची कोशिंबीर केली होती. फार छान झाली होती.

नक्कल मात्र दुसऱ्याच दिवशी तयार झाली होती. सही-शिक्क्यासकट ती भाऊसाहेबांच्या डाव्या खणात, अडकित्त्याखाली पडून होती.

शिबिरातून आल्यापासून ती कोशिंबीर पंचवीस वर्षांनी घशाशी येऊ लागली. घास बत्तीसदा चावूनही खाली उतरेना. "मला मार्गासनीला जाऊन माफी मागायला हवी," ते एका सकाळी म्हणाले. कुंदाताईंनी पटकन डबा भरला. दिवसभर घर रिकामं मिळणार होतं.

भोर ते नसरापूर एक एसटी, तिथून वेल्ह्याकडची दुसरी. खिडकीशी बसून भाऊसाहेब बघत राहिले. या रस्त्याने रोज शेकडो माणसं त्यांच्याकडे येत असत, आणि त्यांनी स्वतः मात्र हा रस्ता कधी नीट पाहिला नव्हता. नसरापूरला गाडी बदलताना अर्धा तास उभं राहावं लागलं. पाय दुखले. गेनूचे नऊ वेळा, तेही जाता-येता दुखले असतील, हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात सुरू केला आणि पुरा न करताच सोडून दिला.

गेनू ओट्यावर बसून खुरप्याला मूठ बसवत होता. आता सत्तरीला टेकलेला, टोपी मात्र तीच असावी असं वाटायला लावणारी. त्याने डोळे बारीक केले, मग एकदम उठला.

"आरं तिच्या! खिडकीतलं भाऊसाहेब! तुमाला पाय बी हायती व्हय?"

भाऊसाहेबांनी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. गेनू हसतच सुटला. "म्या कवाच इसरलो! उलट तुमच्यापायी भोर बघाय मिळालं. दर खेपंला स्टँडावर भजी खायाचो. तुमच्या खिडकीफुडंच आंबवड्याच्या हनुमंताची वळख झाली, आनि फुडं आमची सुलक्षणा त्याच्या पोराला दिली. सोयरीक जमवलीसा की तुमी!"

भाऊसाहेबांना एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं असतं हे माहीत असतं तर ते आधीच आले असते. पण दारातून आवाज आला.

"भजी त्यांनी खाल्ली. आवनी म्या केली."

गेनूची बायको रतनबाई उंबऱ्याशी उभी होती. "नऊ दिस, भाऊसाहेब. खाचरात पानी साचलेलं, भाताची रोपं पिकत चाललेली, आनि हे तुमच्या रांगंत. सुलक्षणा आठ म्हयन्यांची, पावसात तिला बांधावर इरल्याखाली ठेवायची. एक मूठ रोपं लावायची की एकदा मागं बघायचं, एक मूठ लावायची की मागं बघायचं."

भाऊसाहेबांनी हात जोडले. "चुकलं माझं, रतनबाई. माफी मागायला आलोय."

तिने पदराला हात पुसले. त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी बघितलं, अगदी कचेरीत बघतात तसं.

"आज न्हाई, भाऊसाहेब. उद्या या."

ते खरंच दुसऱ्या दिवशी गेले. रतनबाई म्हणाली, "धनी फिरतीवर गेल्यात."

"अगं, म्या हितं बसलोय!" गेनू म्हणाला.

"तुमी फिरतीवर हायसा. गप ऱ्हावा."

तिसऱ्या खेपेला किल्ली कुणाकडं आहे ते बघावं लागणार होतं. चौथ्या खेपेला सकाळी साडेदहालाच जेवणाची सुट्टी झाली. पाचव्या खेपेला तिने विचारलं, "अर्ज आनलाय का?" भाऊसाहेबांना मनातून जरा बरंच वाटलं, अर्ज म्हणजे त्यांचा प्रांत. सहाव्या खेपेला ते वळणदार अक्षरातला अर्ज घेऊन हजर झाले : 'विषय – माफी मिळणेबाबत.' रतनबाईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटा धरून बराच वेळ न्याहाळला आणि परत दिला. "डाव्या अंगाला समास कमी सोडलाय. पुन्यांदा लिवून आना."

भाऊसाहेब चमकले. ही सगळी त्यांचीच वाक्यं होती. त्या आषाढात गेनू रोज तिन्हीसांजेला घरी येऊन त्या दिवसाचं कारण सांगे, आणि रतनबाई पायाचा चिखल धूत ऐकत असे. लग्नातलं लुगडं ट्रंकेत जपावं तशी तिने ती कारणं पंचवीस वर्षं घडी घालून जपली होती. एकाही घडीवर कसर लागलेली नव्हती.

घरी कुंदाताई रोज विचारत, "मिळाली का नक्कल?" आणि उत्तर ऐकून खुशीने दुसऱ्या दिवशीची कणीक मळायला घेत.

तसा मार्गासनीत भाऊसाहेबांचा वेळ वाईट जात नव्हता. परतीची एसटी चारला. तोवर रतनबाई त्यांच्यासमोर भिजवलेल्या वालाचं पातेलं सरकवून देई. एकदा वाल सोलताना मोबाईल टण्ण वाजला.

"काय वाजतंय ते?"

"मी आत्ता इथे आहे का, ते विचारतोय."

"मंग सांगा की त्याला! हाय म्हनावं, वाल सोलाय लावलाय म्हनावं." मग तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "आनि नीट सोला. सालं तशीच हायती."

त्या सहाव्या खेपेलाच दुपारी गेनू आणि ते ओट्यावर जुन्या गोष्टी काढून बसले. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, त्यांचा तो कुबट वास, पाच मिनिटं पुढं असलेलं भिंतीवरचं घड्याळ, आणि रांगेतल्या कुणाच्या तरी पिशवीतून निसटून थेट साहेबांच्या टेबलावर चढलेली कोंबडी. गेनूला सगळं आठवत होतं. बाकाचा कुठला पाय डुगडुगायचा तेसुद्धा.

"आता कोन असतं तिथं?"

"कोणी नाही. आता मोबाईलवर निघते नक्कल."

"बरं झालं," गेनू म्हणाला, आणि खुरप्याला धार लावता लावता, "पर भजी न्हाईत मोबाईलवर."

भाऊसाहेब हसले आणि हसताहसता त्यांना राहवलं नाही. खोटं बोलायचं नाही हा नियम पडद्यांपुरताच पाळून भागणार नव्हता. "गेनूभाऊ, तुमचा कागद डाव्या खणात होता. दुसऱ्या दिवसापासून."

गेनूचं खुरपं थांबलं. "तयार?"

"तयार."

"मंग दिला का न्हाई?"

बत्तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. "दिला असता तर तुम्ही परत आला नसतात," ते अडखळत म्हणाले. "रांग मोठी असली की मी कुणीतरी आहे असं वाटायचं. घरी... घरी असं कुणी वाट बघत उभं राहत नसे."

गेनू खुरपं टाकून उठला, गोठ्याकडे गेला आणि सुटलेली नसलेली गाय पुन्हा बांधू लागला. रोज फाट्यापर्यंत सोडायला येणारा माणूस त्या दिवशी आला नाही. सातव्या खेपेला तो खरोखरच घरी नव्हता. आठव्या खेपेला होता, पण पाठ करून बसला. आता एसटीत भाऊसाहेबांना खिडकीबाहेरचं काही दिसेना. माफी मागायला जाऊन त्यांनी एक विसरलेली जखम नव्याने उघडली होती, आणि ही त्यांच्या सचोटीची कमाई होती. "नका जाऊ आता," कुंदाताई पहिल्यांदाच म्हणाल्या. पण नववी खेप राहिली होती.

नवव्या दिवशी घराला कुलूप. सगळे खाचरात. आवणीचे दिवस, सावडीने, एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने, लावणी चाललेली. सात-आठ बाया ओळीने वाकलेल्या आणि रतनबाई मधोमध. भाऊसाहेबांनी बांधावर मोबाईल ठेवला, पायजमा गुडघ्यावर गुंडाळला आणि कुणाला न विचारता चिखलात उतरले.

उतरले आणि शिबिरात सांगितलं होतं तसंच करू लागले. आता मी रोप हातात घेत आहे. आता मी वाकत आहे. आता मी रोप मातीत ठेवत आहे. एकेका रोपाकडे ते असं टक लावून बघत की रोपालाच लाजल्यासारखं व्हावं. बाया दोन ओळी पुढं सरकल्या. भाऊसाहेब हातभर जागेत. आणि ती हातभर जागासुद्धा त्यांच्या पाठोपाठ पाण्यावर तरंगू लागली.

"अगं रतन," शेजारची फुलाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडली, "ह्यो बाबा रोपं लावतुया का पूजा मांडतुया?"

ओळीत हशा पिकला. भाऊसाहेबांनी दचकून पाऊल मागं घेतलं, ते नेमकं फुलाबाईच्या ताज्या ओळीवर. सावरायला दुसरं टाकलं, ते रतनबाईच्या. मग ते बसलेच. बसले ते जवळजवळ अर्ध्या खाचराची लावणी घेऊन.

"माफ केलं!" रतनबाई किंचाळली. "माफ केलं, भाऊसाहेब, समदं माफ केलं! पर भाईर निघा माज्या खाचरातनं!"

मिळाली. इतक्या वर्षांची, इतक्या खेपांची माफी अशी चिखलात बसकण मारल्यावर मिळाली. त्यांना उठता येईना. तेवढ्यात बांधावरून एक हात पुढं आला. गेनूचा होता. त्याने त्यांना ओढून वर घेतलं, पाटाच्या पाण्याशी नेलं, आणि ते हातपाय धूत असताना त्यांच्या पायजम्याला चिकटलेली रोपं एकेक करून सोडवली. बांधावरचा मोबाईल टण्ण वाजला. कुणी तिकडे पाहिलं नाही.

"तिनं दिली," गेनू अखेर म्हणाला. "माजी ऱ्हायली."

"तुम्ही पहिल्याच दिवशी विसरलो म्हणाला होतात."

"तवा खनाचं ठावं नव्हतं."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "खरं आहे."

गेनूने बांधाच्या कडेच्या वेलाकडे बोट दाखवलं. हिरवी पानं, पिवळं फूल एखाददुसरं. "काकड्या धरल्या न्हाईत अजून. माजा कागद काकड्या धरल्यावर मिळाला हुता. तुमचा बी तवाच मिळंल." मग टोपी काढून झटकली, परत घातली, आणि भाऊसाहेबांच्या डोक्यावरून पार लांब कुठंतरी बघत, आपल्या बायकोच्या तोडीस तोड असं म्हणाला, "उद्या या."

भाऊसाहेबांच्या पिशवीत अर्ज होता, समास भरपूर सोडलेला. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

"पहिल्या गाडीने येऊ," त्यांनी विचारलं, "की दुसऱ्या?"

"पयल्या," गेनू म्हणाला. "आनि येताना स्टँडावरची भजी आना. ती चव ऱ्हायलीया का, बगू."