भैरोबाच्या उजव्या खांद्यावरची कळी

देवाला फसवलं तर तो काय करतो, असं मला कुणी विचारलं असतं तर गेल्या वर्षापर्यंत मी ठामपणे सांगितलं असतं, की तो रागावतो. आता तेवढं ठामपणे सांगवत नाही.

आम्ही कवठे महांकाळकडचे गुरव. गावच्या भैरोबाची पूजा आमच्या भाऊबंदांत पाळीनं फिरते आणि त्या वर्षी पाळी आमच्या घराकडं होती. विहीर काढायची असो की पोरगी द्यायची असो, गाव कौल लावायला येतं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची आणि हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी मुळात घुम्या माणूस. लोक माझ्या बोलण्यावर नाही, हातावर विश्वास ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात देवळाच्या पायऱ्या चढताना छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, सांगलीला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या. मनगटातनं नाहीतर मांडीतनं बारीक तार घालून हृदयाच्या शिरा बघतात, फार काही नसतं. साधी सुई बघून ज्याला घाम फुटतो त्याला हे सांगायचं म्हणजे काय. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, आधी देवाला विचारू. ती म्हणाली, "लावा कौल. पर देव हो म्हणाला तर मागनं कुरकुर न्हाई चालायची."

आता लिहूनच टाकतो. डावी कळी मी पाण्यानं लावली आणि उजवी नैवेद्याच्या पातळ गुळात बुडवून. डावी पडली. मी तोंड पाडून म्हणालो, देवाची इच्छा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नेहमीसारखी देऊळ झाडायला गेली आणि परत आली ती पिशवी भरायलाच लागली. "नुसतं इचारून यिऊ," म्हणाली. देवानं नको म्हटलंय, असं मी दोनदा म्हणायला गेलो. पण ती माझ्याकडं अशी बघायची की शब्द गिळावा लागायचा. सांगलीला विचारायला म्हणून गेलो आणि दुपारपर्यंत दवाखान्याच्या खाटेवर होतो. तपासणी उद्या सकाळी.

माझ्या एका बाजूला कोरेगावकडचे निवृत्त सुभेदार होते, लेकीकडं सांगलीला आले असताना छातीत कळ आलेले. त्यांना सगळे आबा म्हणत. दुसऱ्या बाजूला हळदीचे जैन व्यापारी, अण्णा. दोघांचंही तार घालून झालं होतं, त्यामुळं ते वॉर्डातले जाणकार होते.

"काय न्हाई रं गड्या," आबा म्हणाले. "मला तर आत डुलकी लागली. डॉक्टरनं हलवून उठीवलं."

"कसली डुलकी?" अण्णा म्हणाले. "आत जाताना 'आगं आई' म्हणून वरडला, ते आमी हितं ऐकलं की."

"ती फरशी लय गार हुती, म्हणून."

एवढ्यात वॉर्डबॉय वस्तरा घेऊन आला आणि पडदा ओढून मनगटापासून मांडीपर्यंत सगळी साफसफाई करू लागला. पडद्यापलीकडून आबांचा आवाज आला, "सोस गड्या. फौजेत भरती हुताना बी कुणी मला इतकं बघितलं न्हवतं."

अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायला बसले. मला घास जाईना. भीती आता तारेची नव्हती. ज्याला गूळ लावून गप्प बसवलं त्याच्याच हातात उद्या जीव द्यायचा होता. अण्णांनी दोनदा विचारलं, काय झालं. आणि जन्मात कुणाला मनातलं न सांगणारा मी, त्या दोन परक्या माणसांना कळीपासून गुळापर्यंत सगळं सांगून बसलो.

अण्णांना हसू फुटलं आणि ते इतके हसले की मनगटाची पट्टी सरकली, नर्स धावत आली, तिघांनाही रागावली. ती गेल्यावर आबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "गूळच लावला न्हवं? इख तर न्हाई लावलं. ग्वाडच लागलं आसंल त्येला."

अण्णांनी डोळे पुसले. "आमच्यात कौल नसतोय. चुकलं की त्या माणसाम्होरं जायचं, हात जोडायचं, क्षमा मागायची. देवाचं देव बघंल. घरात कुणाला फसीवलंय, तिला सांगा आधी."

सकाळी हिरवा झगा घालून मला ढकलगाडीवर निजवलं. बायको शेजारनं चालत होती. दाराशी गाडी थांबली तेव्हा मी छताकडं बघत म्हणालो, "उजव्या कळीला मी गूळ लावला होता."

"म्हाईत हाय."

मी मान वळवली.

"मी झाडायला गेले तवा देवाच्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली हुती. सगळा गूळ खाल्ला त्येनी. माझ्या डोळ्यांम्होरं कळी पडली. उजवी."

"मग बोलली का नाहीस?"

"डावी तुमी पाडलीसा. उजवी त्येनं पाडली. म्हणलं, तुमी कवा बोलताय त्ये बघू."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझ्या अंगावरची चादर नीट केली, एवढंच.

आत फरशीच काय, सगळंच गार होतं. आबांचं खरं होतं. डॉक्टरांनी माझा उजवा हात बाजूच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "मूठ आवळू नका. हात सैल सोडा, बाकीचं आम्ही बघतो." आयुष्यभर देवापुढं हात जोडले, पण सैल सोडला तो तिथं पहिल्यांदा. सुई टोचली तेवढी कळली. मग छातीत ऊन ऊन पसरलं आणि पडद्यावर माझ्याच शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या दिसल्या. एक फांदी सुकत आली होती. त्याच वेळी तिथं स्टेंट बसवला. आणखी थांबले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर नंतर बायकोला म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

वॉर्डात परतलो तेव्हा आबांनी झोपल्या झोपल्या सलाम ठोकला. "वरडला का?" अण्णांनी विचारलं. मी म्हणालो, "डुलकी लागली होती."

मुंग्या कुणी धाडल्या, याचा वाद मी घालत नाही. गूळ दिसला की मुंग्या येणारच, हे मलाही कळतं. एवढंच म्हणतो, की मी ज्याचं तोंड बंद करू गेलो त्यानं माझा श्वास चालू ठेवला, आणि वर माझी चूक चारचौघांत न काढता घरातल्या एकीलाच दाखवली. कौल आता फक्त पाण्यानं लावतो, आणि लावल्यावर हात मागं घेतो. गूळ मात्र रोज नेतो. देवाच्या पायाशी, दगडाच्या फटीजवळ खडा ठेवतो. मुंग्यांसाठी.