वेगळी पळी

बेळगाव ते निपाणी या टापूत माझ्या साडूंनी ज्याचं स्वयंपाकघर आतून पाहिलेलं नाही, असं हॉटेल अजून निघायचं आहे. आपण हॉटेलात शिरलो की रिकामं टेबल शोधतो. हे सरळ चुलीकडे जात. कारण एकच, त्यांना शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे. कणभर पोटात गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो आणि पुढचं सगळं दवाखान्यात. आता ज्या मुलखात भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी शेंगांची, पोळी शेंगांची आणि फोडणीचं तेलही शेंगांचंच, तिथं या माणसानं जन्म घ्यावा आणि वर फिरतीची नोकरी पत्करावी, याला काय म्हणायचं? बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यातले पंपाचे सुटे भाग घेऊन आम्ही दोघं गावोगावची दुकानं हिंडायचो. गाडी मी चालवायची, बोलायचं त्यांनी. वयानं थोरले म्हणून मी त्यांना आण्णा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात.

आण्णांच्या खिशात प्लास्टिकमध्ये बसवलेलं एक कार्ड असे. ‘मला शेंगदाणा विष आहे, कृपया दया करावी’ असं त्यावर त्यांनी मराठी, कन्नड आणि हिंदीत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. संकेश्वरात एका हॉटेलवाल्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या वॉर्डातनं उभारलाय?" दुसऱ्या एकानं त्यांचा पांढरा शर्ट आणि खिशातलं पेन पाहून त्यांना तपासणीवाले साहेबच ठरवलं. "साहेब, टाकी कालच धुतलीया," म्हणत त्यानं दोन पेशल चहा मागवले. आण्णा म्हणाले, "चहा ऱ्हाऊ दे. तेलाचा डबा दाखवा." त्या माणसाला दरदरून घाम फुटला.

पण या सगळ्या चौकशीमागं शास्त्र होतं. आण्णा मला सांगत, "पाव्हणं, शेंगा हायत काय असं कधी इचारायचं न्हाय. न्हाईत म्हणत्यात. कूट हाय काय इचारायचं." आणि ते खरंच आहे. आमच्याकडं शेंगा म्हणजे मूठभर घेऊन खायची वस्तू. कूट ही मिठासारखी गोष्ट, ते घातलं म्हणून कुणी सांगत नाही, की घातलं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून आधी कूट, मग तेल, आणि शेवटी पळी. भाजी बिनकुटाची असली तरी शेजारच्या पातेल्यातली पळी तिच्यात बुडाली की संपलं. मराठी आचारी असला तर मराठीत, कन्नड असला तर कन्नडमध्ये, पण पळी पाहिल्याशिवाय आण्णा पानावर बसत नसत.

खरं तर माणूस मनापासून खवय्या. स्वतः भाकरी-दही खात आणि मला बळंच शेंगाचटणी घ्यायला लावत. "माझ्यापायी तुम्ही कशापायी अळणी खाताय?" मग मी खाताना माझ्याकडं टक लावून बघत. "लसूण जास्त झालाय न्हवं?" जन्मात न चाखलेली चटणी कुठल्या गावात चांगली मिळते हे त्यांना माझ्या तोंडाकडं बघून कळलेलं होतं.

मला मात्र त्यांची लाज वाटायची. लपवून काय करायचं? चारचौघांत एखाद्यानं आचाऱ्याची उलटतपासणी घ्यावी आणि बाकीच्यांनी ताटं पुढं घेऊन ताटकळावं, हे मला नको व्हायचं. निपाणीजवळच्या एका नव्या गिऱ्हाइकानं आम्हाला हायवेवरच्या हॉटेलात जेवायला नेलं, तेव्हा मी गाडीतच म्हणालो, "आण्णा, आज तेवढं आत जाऊ नका. मोठी माणसं हायत. मी इचारतो." ते माझ्याकडं पाहून हसले. "बरं," म्हणाले, "तुम्ही इचारा."

मी विचारलं. वाढप्याला घाईघाईनं, खालच्या आवाजात विचारलं, "शेंगा न्हाईत न्हवं?" तो म्हणाला, "छे ओ, शेंगा कुठल्या?" मी आण्णांना म्हणालो, "खावा निवांत." त्यांनी भरल्या वांग्याचे दोन घास खाल्ले आणि वाटी हळूच बाजूला सारली. ओठ बघता बघता सुजले. मी वाढप्यावर ओरडलो, तर तो बिचारा गोंधळून म्हणाला, "शेंगा न्हाईतच की. नुसतं कूट हाय."

तिथून दवाखान्यापर्यंत गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता एवढं आठवतं. डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी भिंतीला टेकून रडत होतो. एवढी वर्षं मी या माणसाची लाज बाळगली आणि त्यानं मात्र माझ्या शब्दावर जीव ठेवला. संध्याकाळी त्यांना बोलता यायला लागलं. मी खाली मान घालून बसलेलो. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, वांगं लई झ्याक झालतं." त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले. पुढं कधी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून प्रत्येक हॉटेलात आधी मी आत जायला लागलो. निपाणीत एक खानावळ आहे, ती चालवणाऱ्या आक्कांनी आमचा हा नेम पाहून आण्णांसाठी एक लहान कढई आणि पळी वेगळीच काढून ठेवली. आमची गाडी दिसली की ती कढई चुलीवर चढायची.

आता आण्णांचे गुडघे गेले. खानापूरकडच्या आपल्या गावी असतात, फिरती बंद. परवा मी एकटाच निपाणीला गेलो. हात धुऊन बसतो तोवर आक्का बाहेर आल्या. "आण्णा कुठं हायत? मी कढई चढवलीया की." मी गुडघ्यांचं सांगितलं. त्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. "मग ही भाजी कुणाला वाढू?"

"मला वाढा," मी म्हणालो. सवयीनं आत एक चक्कर टाकून आलो आणि तिथूनच आण्णांना फोन लावला. "आण्णा, आक्कांनी तुमची कढई काढलीया."

पलीकडनं आवाज आला, "पळी वेगळी हाय न्हवं?"

"व्हय. आत जाऊन बघून आलोय."

"मग जेवा. आणि कूट मागून घ्या वरनं, तुम्हास्नी काय झालंय?"

"घेतो," म्हणालो. मागितलं नाही.