पेरीनच्या चुलीवरचं गवत

पॅरिसला नदीवरच्या आमच्या पुलावर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं होती. चित्रं विकणारे पुष्कळ होते, पण पडकी देवळं काढावीत ती आन्सेल्म फूर्कोनेच. तरुणपणी तो रोमला राहून आला आणि पुढचा सगळा जन्म त्यावर काढला. तुटके खांब, ढासळलेल्या कमानी, फटीफटीतून गवत. पॅरिसच्या बड्या लोकांना तेव्हा दिवाणखान्यात पडझड टांगायचं वेड लागलं होतं. त्यांची स्वतःची घरं धड होती, त्यांचं काय जातंय? मी शेजारी हातमोजे शिवायचे आणि त्याला तोंडावर सांगायचे, "तुझं बरं आहे बाबा. दुसऱ्याचं पडलं की तुझी चूल पेटते."

नुसत्या दगडांचं चित्र खपत नाही. खाली कुणीतरी कामात असलेलं माणूस लागतं. आन्सेल्म तिथे कपडे धुणारी बाई काढायचा, आणि ती बाई नेहमी त्याची बायको पेरीनच असायची. पेरीन जन्मली पुलावरच्या त्याच घरात. ती म्हणायची, "रोम मी पाहिलं नाही, पण तिथलं धुणं सगळं माझ्याच अंगावर."

मग राजाचा हुकूम निघाला, पुलावरची सगळी घरं पाडायची. आम्ही बिऱ्हाडं हलवली. पेरीन काही हलेना. मजूर एका टोकाकडून घरं उतरवत येत होते. सोमवारपर्यंत ती निघाली नाही, तर शिपाई तिला उचलून बाहेर काढणार होते. आन्सेल्मने समजावून पाहिलं, विनवून पाहिलं, आणि शेवटी चित्र काढत बसला. मला संताप आला त्याचा. घर चाललंय आणि हा रंग घोटतोय.

शनिवारी मी तिची समजूत घालायला गेले. चित्र खिडकीपाशी उभं होतं. त्यात त्यांचंच घर होतं, पडलेलं. जे अजून उभं होतं ते त्याने हाताच्या सवयीने शंभर वर्षं पुढे नेऊन ठेवलं होतं. भिंत अर्धी, छप्पर गायब, चुलीवर हातभर गवत.

पेरीन चित्राजवळ येऊन वाकली. "यात मी कुठे आहे?"

"तू नाहीस," आन्सेल्म म्हणाला. "पडक्या घरात तुला कसं काढू? हात वळेना."

"रोममध्ये बरा वळायचा."

"ती परक्यांची घरं होती गं."

"आणि हे माझं आहे. सगळ्या जगाच्या पडझडीत मला राबवलंत, आणि माझ्याच घरातून तेवढं बाहेर काढलंत?"

त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आणि ते गवत काढा आधी," पेरीन म्हणाली. "माझी चूल मी कधी अशी ठेवलेली नाही."

रविवारी मी परत गेले. चित्रातली चूल आता लख्ख पुसलेली होती आणि तिच्याजवळ खुर्चीत पेरीन बसली होती. धुणं नाही, काही नाही, हात मांडीवर. खरी पेरीन शेजारी उभी राहून निरखत होती.

"नाक जरा मोठं झालंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू काय बघत उभी राहिलीस? सामानाच्या पेटीचं ते टोक धर."