आधी बोला, मग हलवा

चष्मेवाल्यांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. मध्ये हिरव्या कापडाचं मोठं टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, पडकी घरं आणि बोटाएवढे रंगवलेले सैनिक. रविवारी दुपारी तिथे लढाया होतात. फासे पडतात, मोजपट्ट्या निघतात, आणि नवखा माणूस बहुधा तिसऱ्या रविवारी येईनासा होतो. नियमांचं पुस्तक दोनशे पानांचं आहे.

मीही त्याच वाटेवर होतो. माझी मुलगी तिथे दोन वर्षं खेळत होती. तिची आई गेल्यापासून घरात आमचं बोलणं "जेवलीस?" "हो" एवढंच. त्या टेबलापाशी मात्र ती भरभरून बोलायची, दुसऱ्यांशी. मला तिच्यासमोर बसायचं होतं. म्हणून पुस्तक दोनदा वाचलं. मी धंद्याने मुद्रितशोधक. छपाईच्या सत्तेचाळीस चुका समासात नोंदवल्या. पण पहिल्याच डावात पलटण कुठल्या कडेपासून मोजून पुढे न्यायची, ते कळेना. समोरचा घड्याळ बघू लागला. मुलगी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी पिशवी उचलली.

जिन्यात चष्मेवाल्यांनी गाठलं. "शुद्धलेखन फक्कड झालंय. सैन्य तेवढं जागेवरच राहिलं."

"हे माझ्या बापजन्मात जमायचं नाही."

"पुस्तक इकडे द्या. बुधवारी दुकान बंद असतं, या."

बुधवारी त्यांनी पाचच सैनिक मांडले. डोळे तपासताना एकेक भिंग चढवावं तसा एकेक नियम चढवला. मी गोंधळलो की शेवटचा काढून घेत. अट एकच: सैनिकाला हात लावण्याआधी काय करायचंय ते मोठ्याने सांगायचं. जमणार नसेल तर समोरच्याने तिथेच सांगायचं. चुकू देऊन मग हसायचं नाही.

"एवढा उपद्व्याप कशासाठी करता?" एकदा विचारलं.

"मी चार वर्षं हरलो," ते भिंग पुसत म्हणाले. "का, ते कुणी सांगितलंच नाही."

सहा बुधवार त्यांनी मला दिले. सातव्या रविवारी मी मुलीसमोर बसलो.

"मला तुझ्या टेकडीपर्यंत यायचंय."

तिने पट्टी लावली. "पळत यावं लागेल, बाबा. आणि पळालास तर या फेरीत गोळी झाडता येणार नाही. मी तुला तिथेच उडवीन."

"उडव. पण यायचंय."

"अरे, वेडेपणा आहे हा," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला आली. कुठून यायला हवं होतं, आडोसा कुठे होता, तिने स्वतः पहिल्या वर्षी काय घोळ घातला होता, सगळं सांगत बसली.

पलीकडच्या कोपऱ्यात चष्मेवाले एका नव्या बाईंच्या हातातलं पुस्तक हळूच मिटत होते. त्यांचे आभार मानायला उठायचं होतं. उठलो नाही, मुलगी अजून बोलत होती.