शंभर दाण्यांच्या बाई

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना आजवर कुणीही, अगदी भिंतीवरच्या कॅलेंडरनंसुद्धा, कुठलीही गोष्ट पुराव्यावाचून पटवून दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मराठीच्या मास्तराचा सगळा संसार पुराव्यावाचूनच चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षी बाईंसमोर तोंड उघडायची मला धास्तीच वाटायची. स्टाफरूममध्ये मी सहज म्हणावं, "आज भलतंच उकडतंय," की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हाऊ डू यू नो?" म्हणजे, तुम्हाला कसं कळलं? मी घाम पुसत असलो तरी तो पुरावा त्यांना चालत नसे. त्या पर्समधून, सुपारीच्या डबीशेजारून, थर्मामीटर काढायच्या, खिडकीला लटकवायच्या आणि दहा मिनिटांनी जाहीर करायच्या, "बरोबर आहे सर, उकडूनच राह्यलं." तेव्हा कुठे मला मोकळ्या मनानं उकडायला लागायचं.

शाळा ब्रह्मपुरीपासून जीपनं तासाभरावर, सहावी ते आठवीची. इंग्रजीची जागा रिकामी होती, म्हणून मुख्याध्यापकांनी तो विषय बाईंकडे 'तात्पुरता' दिला आणि ते तात्पुरतं नऊ वर्षं चाललं. बाईंनी काय केलं, तर दोन्ही विषय एकाच वहीत घातले. नियम एकच. इंग्रजीत वाक्य लिहायचं ते फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा स्वतःच्या हातानं मोजलेल्या गोष्टीचं. पुस्तकात समुद्राचा धडा आला तेव्हा त्यांनी अख्ख्या वर्गाला विचारलं, समुद्र कुणी पाहिला? कुणीच नाही. "मंग तो सध्या राहू द्या," म्हणत त्यांनी पोरांना वैनगंगेवर नेलं आणि पाणी किती गढूळ आहे ते काचेच्या ग्लासात बघून त्यावर सात वाक्यं लिहून घेतली. मुख्याध्यापक विचारायचे, "समुद्राचा धडा झाला का?" बाई म्हणायच्या, "समुद्र आला की होईल."

सहावीत आलेल्या पोरांना त्या पहिलं इंग्रजी वाक्य शिकवायच्या ते 'आय डू नॉट नो', आणि ते पक्कं झालं की दुसरं, 'आय विल सी अँड टेल यू'. यावरून पालकांची बोंब व्हायची. एक जण तर शाळेत येऊन भांडला, "बाई, पोट्टं सहा महिने इंग्रजी शिकून राह्यलं आन् घरी येऊन 'मले माईत नाई' एवढंच सांगते! हे त त्याले आधीपासूनच येत होतं." बाई शांतपणे म्हणाल्या, "एवढं कबूल करनारे मोठे मानसं गावात किती हायेत, ते मोजून सांगा भाऊ." तो बिचारा विचार करत घरी गेला. पुढे एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी सातवीतल्या प्रणालीला उभं केलं आणि विचारलं, शाळेच्या आवारात झाडं किती? पोरगी म्हणाली, "आय डू नॉट नो, सर. आय विल सी अँड टेल यू." आणि वर्गातून चालू पडली. साहेबांना वाटलं, घाबरून पळाली. ते ऑफिसात चहा पीत असताना ती दारात हजर. "ट्वेंटी थ्री, सर. वन इज डेड." साहेबांनी बशीत सांडलेला चहा तसाच राहू दिला.

बाई मूळच्या राजुऱ्याकडच्या, गावात एका खोलीत एकट्याच राहायच्या. रजेच्या अर्जात 'ताप आहे' एवढं न लिहिता 'ताप १०१.४, तीन वेळा मोजला' असं लिहायच्या. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्या घड्याळ काढून बसल्या आणि मुहूर्त बत्तीस मिनिटांनी टळल्याचं त्यांनी अत्यंत आनंदानं माझ्या आईला सांगितलं. त्यानंतर आई त्यांचं नाव काढताना आवाज खाली घ्यायची. पण भाऊ आणि भावजय सुखात आहेत, आणि बाई त्याचीही नोंद ठेवून असाव्यात असा माझा अंदाज आहे.

शाळेच्या फाटकापाशी एक फळा होता. त्यावर रोज 'आजचं निरीक्षण' इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलेलं असे. येणारंजाणारं गाव ते वाचायचं. या फळ्यानंच पुढे सगळं रामायण घडवलं.

झालं असं. जूनअखेर शाळा उघडली, गावात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायची गडबड सुरू होती. बाईंनी सातवीला बियाणं तपासायला शिकवायचं ठरवलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पुरचुंडी बांधायची आणि पाच दिवसांनी किती कोंब आले ते मोजायचे. दाणे कुणाचे? तर प्रणालीच्या घरचे. तिचे वडील, सुखदेवभाऊ, दरसाल जपून बियाणं राखायचे आणि अर्धं गाव त्यांच्याकडून न्यायचं. पोरगी मोठ्या ऐटीत मूठभर धान घेऊन आली. हवा ढगाळ होती, म्हणून ऊब मिळावी या हेतूनं बाईंनी पुरचुंडी खिचडी शिजवायच्या खोलीत चुलीवरच्या फळीवर ठेवली. पाचव्या दिवशी पुरचुंडी सोडली. शंभरातले अडतीस उगवले होते. आणि बाईंनी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ते फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं, कुणाच्या घरचे ते नावासकट.

दोन दिवसांत सुखदेवभाऊंच्या ओसरीवर बियाणं न्यायला येणारी माणसं थांबली. तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले. आवाज चढवणारा माणूस नव्हे, पण दाखल्याचा अर्ज घरूनच लिहून आणला होता. "बाई, माह्या बापापासून हे धान आमच्या घरी हाये. तुम्ही एका फळ्यावर त्याची माती केली. पोरीचा दाखला द्या. तिले ब्रह्मपुरीले मावशीकडं टाकतो."

बाई म्हणाल्या, "भाऊ, मी काईच नाई म्हटलं. दाण्यायनं म्हटलं."

हे बाईंच्या दृष्टीनं फार सौम्य उत्तर होतं, पण त्यामुळे ते अधिकच भडकले. प्रणाली दारात उभी होती. एकीकडे बाप, दुसरीकडे बाई. तिचा चेहरा मला अजून आठवतो. रडेल असं वाटत होतं, पण रडली नाही. बाईंकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, हाऊ डू यू नो?"

नऊ वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी परत केला नव्हता.

"दाणेच खराब हायेत हे कशावरून?" ती पुढे म्हणाली. "पुरचुंडी चुलीपाशी होती. मी पाह्यलं, दुपारी गोणपाट कडक वाळून जाये."

बाई म्हणाल्या, "आय डू नॉट नो." आणि प्रणालीनं, सवयीनंच, पुढचं वाक्य पूर्ण केलं, "आय विल सी अँड टेल यू." मुख्याध्यापकांना कागद अडकवून ठेवायची कला उपजतच होती, ती त्या दिवशी प्रथमच सत्कारणी लागली. दाखल्यावर सही आठवड्यानं होईल, असं त्यांनी सांगून टाकलं.

प्रणालीनं तीन पुरचुंड्या बांधल्या. एक पुन्हा चुलीवरच्या फळीवर, एक घरच्या ओसरीत आणि एक माझ्या कपाटात, निबंधाच्या वह्यांवर. खरं सांगतो, त्या पाच दिवसांत मी एकही निबंध तपासला नाही. तासातासाला कपाट उघडून गोणपाट ओलं आहे ना ते बघत बसायचो. पोरगी राहावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि बाई चुकाव्यात असं वाटायची लाजही वाटत होती. सहाव्या दिवशी मोजणी झाली. चुलीवरचे एक्केचाळीस, ओसरीतले चौऱ्याण्णव, माझे ब्याण्णव. त्या ब्याण्णवाचा मला आजही अभिमान आहे.

बाईंनी तिन्ही ढीग पुन्हा मोजले, मग आणखी एकदा. खडू उचलला आणि फाटकाकडे निघाल्या. सुखदेवभाऊंना बोलावणं गेलं होतं, त्यांच्यामागून गावही आलं होतं. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आय वॉज रॉंग.' खाली मराठीत, 'बाई चुकल्या. बियाणं चांगलं आहे.' लिहिताना खडू दोनदा मोडला. मग त्यांनी वर्गाला ते मोठ्यानं वाचायला लावलं. पोरं चाचरत वाचत होती, कारण असं वाक्य बाईंबद्दल वाचायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुखदेवभाऊंनी मराठी ओळ बोट ठेवून वाचली. "आपली चूक आपल्या हातानं फळ्यावर लिवनारा मास्तर मी पाह्यला नाई जी," एवढंच म्हणाले. मुख्याध्यापकांनी लगबगीनं दाखल्याचा अर्ज परत दिला. सुखदेवभाऊंनी तो फाडला नाही, नीट घडी घालून खिशात ठेवला. "राहू द्या माह्याजवळ. बाई पुन्हा चुकल्या त कामी येईल." मग पोरीकडे वळून म्हणाले, "चाल, पऱ्हे टाकाचे हायेत. उद्या येजो शाळेत."

शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकून खेड्यातल्या पोरांना मिळतं काय, असं मला लोक विचारतात. पूर्वी मी मोठमोठी उत्तरं द्यायचो. आमची बहुतेक पोरं आज धानाच्या बांधीतच, म्हणजे शेतातच, आहेत, एक जण ब्रह्मपुरीची जीप चालवतो, प्रणाली तिथल्या कॉलेजात शिकते. इंग्रजी म्हणाल तर बहुतेकांना बाईंची ती चारपाच वाक्यंच येतात. पण दुकानदार औषधाची बाटली पुढे करून 'भारी आहे' म्हणाला, की ती 'कशावरून?' म्हणतात आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत उभी राहतात. आणि आपल्याला माहीत नसलं तर मान खाली घालत नाहीत. मी वीस वर्षं निबंध लिहून घेतले, पण हे मला शिकवता आलं नव्हतं.

पुढे बाईंची बदली सिरोंच्याला झाली. निरोपाच्या दिवशी सुखदेवभाऊ आले आणि बाईंच्या हातात एक कापडाची पुरचुंडी ठेवली. "शंभर दाणे हायेत," म्हणाले. बाईंकडे वीतभरही शेत नव्हतं. मला वाटलं, आता इथेच बसून मोजणार. पण जीप हॉर्न वाजवत होती. त्यांनी पुरचुंडी पर्समध्ये थर्मामीटरशेजारी ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

ऑगस्टात त्यांचा फोन आला. तिकडची पोरं घरी तेलुगू बोलतात, म्हणून बाई आधी त्यांच्याकडून तेलुगू शिकत होत्या. पहिलं वाक्य कुठलं शिकल्या ते मी न विचारताच त्यांनी सांगितलं, "नाकु तेलियदु. मले माईत नाई." आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, "बाई, ते सुखदेवभाऊंचं बियाणं?"

"खोलीमागं अंगणात टाकलं. शंभरच्या शंभर उगवलं."

इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती, ती मी कशी सोडणार? म्हटलं, "हाऊ डू यू नो?"

त्या म्हणाल्या, "मोजलं नाई, सर. नुसतं पाहत बसते."

बाईंचं पुराव्यावाचूनचं हे एवढं एकच विधान माझ्यापाशी आहे, आणि ते मी कुणालाही तपासू देणार नाही.